रोबोच्या आत पप्पा होते

तो हिरो खोटं बोलला. रोबोच्या आत माझे पप्पा होते.

पप्पा काल गेले. हार्ट अटॅक. आज दुपारी डोंगरीला त्यांना माती दिली.

आम्ही शाळेत असताना टीव्हीवर एक अंतराळाची मालिका लागायची. बजेट जवळपास नव्हतंच.
यान थर्मोकोलचं. कंट्रोल पॅनलला जुन्या रेडिओची बटणं. रोबोचे डोळे म्हणजे आमच्या ख्रिसमसच्या ताऱ्यातले बल्ब.

मंगळाचं शूटिंग आमच्या उत्तनच्या खडकांवर. एका एपिसोडमध्ये मंगळावर मागे बोंबील वाळत घातलेले स्पष्ट दिसतात.

तरी रोबो हळूच मान वळवून बघायचा ना, तेव्हा खरंच जीव लागायचा त्याच्यावर.

पत्र्याच्या त्या सूटमध्ये युनिटमधलं कोणी टिकेना. पप्पा बोटीवरचे, उन्हाची सवय. म्हणून त्यांना आत घातलं.
आवाज दुसऱ्याचा. टायटलमध्ये नाव नाही.
पप्पांना त्याचं काही वाटलं नाही. हिरो दोस्त झाला होता. शूटिंग संपलं की आमच्याकडे जेवायला यायचा, मम्मीला वहिनी म्हणायचा.

गेल्या वर्षी मालिका परत ऑनलाइन आली. हिरोचे इंटरव्ह्यू सुरू झाले.
मीच हौसेनं पप्पांना एक लावून दिला.

त्यात हिरो हसत म्हणाला, "रोबोच्या आतपण मीच असायचो. दुसरा माणूस ठेवायला पैसे कुठे होते?"
लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पप्पांनी तेवढा भाग परत लावायला सांगितला.
मग म्हणाले, "इसरला असल."

थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "न्हाय. इसरला न्हाय. आत मना चक्कर आलेली, तवा त्यानंच मना भायेर काढलेला."

त्यांनी हिरोला फोन केला. स्पीकरवर होता, मी ऐकलंय.
"अरे, इंटरव्ह्यूमध्ये माणूस गंमत म्हणून बोलतो. आता कोणाला काय फरक पडतो?"

पप्पा फक्त "बरा हाय" म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर माझ्या मुलानं ती मालिका लावली की पप्पा उठून ओट्यावर जाऊन बसायचे. आधी स्वतःच त्याला मांडीवर घेऊन दाखवायचे.

आज सकाळी हिरोची पोस्ट आली. "सेटवर प्रेमानं मासे आणणारा माझा कोळी मित्र गेला."
मासे आणणारा.

मी खाली एवढंच लिहिलं, "सर, रोबो ते होते."
कमेंट डिलीट. मी ब्लॉक.

म्हणून इथे लिहितेय.

पप्पा, तुम्ही त्याला माफ केलंत की नाही, मला माहीत नाही. तुम्ही कधी बोललाच नाहीत.
मी केलेलं नाही.

देव तुम्हाला विसावा देवो.