पंचफुलाबाईची उन्हाळी

अहमदपुरात लघवीला जळजळ झाली की पंचफुलाबाईच्या गल्लीतला माणूस दवाखान्याआधी तिचं दार गाठतो. "उन्हाळी लागली गं माय," असं चारचौघांत म्हणायला इथं कुणाला लाज वाटत नाही. पंचफुलाबाई भिजवलेला सब्जा पाजणार, वरून दोन शिव्या घालणार आणि बरं वाटलं की श्रेय स्वतःकडे ठेवणार.

सून वर्षाराणीला ऐन पौषात उन्हाळी लागली, तेव्हाही तिने सब्जाच पाजला. थंडीने दात वाजत होते, तरी बिचारी पीत होती. उन्हाळी काही हटेना. शेवटी वर्षाराणी एकटीच दवाखान्यात गेली. पूर्वी तिथे लक्षणं बघून अंदाजानेच गोळ्या द्यायचे. आता नवीन मशीन आलं होतं. सकाळी नमुना द्यायचा, दुपारी रिपोर्ट न्यायचा. मशीनने जंतूचं नाव सांगितलं, क्लॅमिडिया. शरीरसंबंधातून लागणारा. डॉक्टर धम्मप्रियाने बजावलं, "नवऱ्यालाही तपासून घे. त्याला काही त्रास नसला तरी जंतू असू शकतो. त्याने औषध घेतलं नाही तर तुला परत लागेल, पुढे मूल व्हायला अडचण येईल."

वर्षाराणीने सगळं सासूला सांगितलं. पंचफुलाबाईला आयुष्यात पहिल्यांदा सब्जाचा राग आला.

मुलगा वैजनाथ बोअरच्या गाडीवर कामाला, महिना महिना बाहेर. सध्या घरी होता. "मला काय धाड भरलीय? म्या न्हाई जात," म्हणत तो पांघरुणात शिरला.

मग पंचफुलाबाईने गल्लीत हाळी दिली, "दवाखान्यात उन्हाळीची मशीन आलीय! फुकट हाय!" फुकट ऐकून निम्मे बाप्ये निघाले. तिचे मालक अर्जुनराव तर इस्त्रीचा सदरा घालून निघाले. एवढी गल्ली रिकामी झाल्यावर वैजनाथला घरी बसवेना.

धम्मप्रिया एकेकाला आत घेऊन तपासणी नेमकी कशाची ते सांगत होती, आणि तयार असेल त्यालाच नमुन्याची डबी देत होती. किराणावाले रेवणप्पा "दुकान उघडं ऱ्हायलंय" म्हणत मागच्या दाराने पसार झाले. आणखी दोघांना रेवणप्पांचं दुकान सांभाळायची आठवण झाली.

वैजनाथही मागच्या दाराशी आला. तिथे पंचफुलाबाई शेंगा सोलत बसली होती.

"तुझंबी दुकान उघडं ऱ्हायलं का रं?"

"माय, ही उन्हाळीची मशीन न्हाई."

"मला ठावं हाय. नमुना नको तर नको देऊ. पण बायकोला काय सांगायचं ते तूच सांग."

वैजनाथ डबी आणायला परत फिरला.

अर्जुनरावांचा रिपोर्ट स्वच्छ निघाला, तो ते गल्लीभर दाखवत फिरले. वैजनाथ मात्र खाली मान घालून घरी आला.

"माय, उन्हाळीच निघाली."

"मग सब्जा भिजवू?"

"न्हाई. गोळ्या हायेत. दोघांनी संगंच घ्यायच्या."

वर्षाराणीने पाण्याचे दोन पेले आणले आणि एक त्याच्यापुढे आपटला. "घ्या गोळी. ही उन्हाळी कुठून आणली, ते आत्याबाईंसमोर इचारत न्हाई. पण इचारणार हाय."

"माझ्यासमोरच इचार," म्हणत पंचफुलाबाई उरलेल्या शेंगा घेऊन फतकल मारून बसली.