व्यसनाच्या रकान्यात माझा बाप

साहेबांनी आमच्या कोनाड्यातली दारूची बाटली उचलली आणि पाहुण्यांना दाखवली. "बघा. कारण शोधायला लांब जावं लागत नाही."

पाहुणे हसले. एकीने मोबाईलवर फोटो काढला. माझी माय चुलीपाशी पदर सावरत उभी होती. म्हणाली, "तेल हाय साहेब त्याच्यात. गुडघ्याले लावाचं."

साहेबांनी ऐकलंच नाही, की ऐकून सोडून दिलं, कोण जाणे.

मी दारात, हातात फायली. मी त्यांच्याच संस्थेत कामाला होते. ऑफिस खामगावला, माझं घर वरवट बकालला. गावोगाव फिरून गरीब घरांचे फॉर्म भरायचे, हे माझं काम. त्या दिवशी पुण्याचे साहेब पाहुण्यांना वस्ती दाखवायला आले आणि पहिलंच घर माझं निघालं. फॉर्मच्या शेवटी एक रकाना असायचा, गरिबीचे कारण. खाली चार चौकोन. व्यसन, आळस, अशिक्षितपणा, जास्त मुले.

"तुझंच घर ना हे? मग विचारायचीही गरज नाही. व्यसनावर खूण कर."

मी केली.

हो, मीच केली. नोकरी जाईल ही भीती होती. आणि खरं सांगायचं तर त्या लोकांसमोर मला माझ्या मायची लाज वाटली. हे लिहितानाही मला माझी किळस येते.

दारूच्या बाटलीचं झाकण घट्ट बसतं, तेल सांडत नाही. म्हणून आमच्या वस्तीत घरोघरी अशी धुतलेली बाटली असते. माझा बाप कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होता. यंत्रात उजवा हात गेला. मग काम गेलं. तीन वर्षं खाटेवर काढली आणि मेला. दारू त्याने कधी तोंडाला लावली नाही. मी शिकले ती त्याच्या हट्टामुळे.

पाहुणे गेल्यावर मायने विचारलं, "काय लिवलं व तुनं?"

मी सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मेल्या मानसाले बेवडा केलं तुनं."

मी बाकीच्या फायली उघडल्या. बाजूच्या गावातली घरं, सगळं माझंच अक्षर. पानामागून पान व्यसनावर खूण. आम्ही फॉर्म भरणारे सगळेच तो रकाना चहाच्या टपरीवर बसून भरायचो, कुणालाही न विचारता. वस्ती म्हटली की दारू असणारच, असं मलाही वाटायचं. फक्त माझं घर सोडून.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या घरांमध्ये परत जाऊ लागले. एका बाईचं शेत पोराच्या आजारपणात विकलं गेलं होतं. एक म्हातारी म्हणाली, "मले नाही मालूम बाई. तुले मालूम असन तं सांग." आणि एकजण मान खाली घालून बोलला, "म्या दारूतच गमावलं व पोरी. लिह्य. पन माहंच लिह्य, बाजूच्याचं नोको."

ज्याने जे सांगितलं ते मी नव्या फॉर्मच्या मागे लिहिलं. रकाना कोरा ठेवला. ज्यावर मी बापाला बेवडा केलं होतं तो कागद फाडला.

खामगावला साहेबांनी गठ्ठा चाळला. "हे असं चालत नाही. चारातलं एक निवड, नाहीतर घरी बस."

ऑफिसात मी नेहमी त्यांच्यासारखं बोलायचे. त्या दिवशी जमलं नाही. "माहा बाप पेत नव्हता साहेब. तुमी आंधी मायची माफी मांगा. मंग बाकीचं बोलू."

ते दाराकडे बोट दाखवून मोकळे झाले.

नोकरी गेली. माय अजून माझ्याशी धड बोलत नाही, आणि तिने मला माफ करावं असं मी म्हणतही नाही. पण यापुढे माझ्यासमोर कुणी "हे लोक असेच" म्हणालं, तर त्याला मी तिथेच थांबवणार. कोणते लोक, विचारणार. कुणाचं घर, कुणाचं नाव, तू कधी गेला होतास, विचारणार. आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला उठू देणार नाही.