ओट्यावरची सही

बँकेत शिक्क्याच्या पॅडचा वास आला की शेजारच्या काकूंची मागची खोली आठवते. खिडकीतून गंगेवरचा वारा येई, तरी तिथे औषधी तेलाचा वास कोंडलेला असे. काकूंचा उजवा हात लुळा पडला होता, म्हणून मृत्युपत्रावर डाव्या हाताचा अंगठा उठवायचा होता. नवऱ्याने टाकलेल्या मुलीच्या डोक्यावर छप्पर राहावं, मुलाने घर विकू नये, एवढंच त्यांना हवं होतं. दोन्ही साक्षीदारांनी अंगठा उठताना बघायचा, असं वकिलांनी बजावलं होतं. गल्लीतले मास्तर आत बसले. दुसरे साक्षीदार काकूंचे थोरले दीर, ते ओट्यावरच थांबले. मी त्यांना बोलवायला उठले तर काकू म्हणाल्या, "नको गं, भावजींसमोर पदर सावरता येणार नाही मला." बाहेरून तेही म्हणाले, "तिने दिला म्हणजे दिला. कागद आणा इकडे." त्यांनी ओट्यावरच सही केली. काकूंचा हात मीच धरला होता, पण सतरा वर्षांच्या मुलीची साक्ष चालत नव्हती. पुढे काकू गेल्या आणि मुलगा कोर्टात गेला. त्याच्या वकिलाने विचारलं, "अंगठा उठताना पाहिला का?" थोरले दीर म्हणाले, "नाही साहेब. भावजयीच्या खोलीत कसा जाईन?" मृत्युपत्र टिकलं नाही, घर विकायचं ठरलं. कोर्टाच्या पायऱ्यांवर ते पुतणीला म्हणाले, "खोटं कसं बोलू, पोरी?" "नाहीच बोलायचं, मोठे काका," असं म्हणून ती वाकून त्यांच्या पाया पडली. ती त्यांच्याशी भांडेल असं मला तेव्हा वाटलं होतं. आज विचार करते, तर काका खरं बोलले होते आणि त्यांना आत येऊ न देणारी तिची आईच होती; भांडायला तिच्यासमोर कोणीच नव्हतं.