फाटकावरचं जावळ

डोंगरातल्या कोल्कापाम्पा गावच्या शाळेच्या फाटकात दर सोमवारी सकाळी हेर्मेलिंदा ताइपे उभी राहायची, आणि तिच्या उजव्या हातात कात्री असायची. पोरं तोंडावर तिला ‘बाई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘कात्रीबाई’. तिला ते ठाऊक होतं. आवडतही असावं, कारण ऐकू आलं तरी ती मागे वळायची नाही, फक्त जरा ताठ चालायची.

शिकवायची ती काहीच नाही. तिचं खातं शिस्तीचं. मुलांचे केस कानांच्या वर, मुलींच्या दोन वेण्या आणि त्यांना पांढरी रिबीन, नखांत माती नको, टोपी फाटकाबाहेरच काढायची. राष्ट्रगीत सुरू झालं की फाटक बंद. मग बाहेर साक्षात बिशप उभा असला तरी तो गीत संपेपर्यंत उभाच. ज्याचे केस वाढलेले, त्याच्या कपाळावरची बट ती कचकन उडवायची. नेमकी अशी उडवायची, की न्हाव्याकडे गेल्याशिवाय पोराला चारचौघांत फिरता येऊ नये. गावचा न्हावी तिला दर नाताळाला गोड पाव पाठवायचा, असं फाटकासमोर बटाटे विकणारी फोर्तुनाता शपथेवर सांगायची. फोर्तुनाताच्या शपथेचं काय घेऊन बसलात, ती दिवसातून दहा वाहते. हेर्मेलिंदाचं लग्न एका ट्रक ड्रायव्हरशी ठरलं होतं आणि साखरपुड्यात तिने त्याची नखं तपासली म्हणून मोडलं, हेही फोर्तुनाताचंच. पण ड्रायव्हर होता आणि लग्न झालं नाही, एवढं मात्र खरं.

आमच्याकडे बाईमाणसाला चार-पाच तरी धर्माची, म्हणजे मानलेली, लेकरं असतात. कुणाच्या बारशाची, कुणाच्या जावळाची. हेर्मेलिंदाला पन्नाशी उलटली तरी एकही नव्हतं. जावळाला कात्रीबाईला बोलावणार कोण? एखाद्या अंगणात जावळाची हार्प वाजायला लागली की ती वाट बदलून पलीकडच्या गल्लीने घरी जायची.

त्या मार्चमध्ये शाळा उघडली तो सोमवार. सातवीत नवी पोरं आली होती, त्यांत वरच्या माळावरची बरीच. रांगेत एक काटकुळा मुलगा लोकरीची कानटोपी घालून उभा होता.

“नाव?”

“रुसबेल युक्रा.”

“टोपी, रुसबेल युक्रा.”

तो हलला नाही. बाईने टोपी उचलली, आणि आतून वेणी सुटली ती थेट कमरेपर्यंत. रांग खिदळली. मागून कुणीतरी ओरडलं, “बाई, हिला रिबीन नाही!” हशा वाढला तसा बाईचा पाराही चढला. तिने कपाळावरची बट चिमटीत धरली आणि कच.

हसू तिथल्या तिथे थांबलं. माळावरची पोरं दोन पावलं मागे सरली. एक मुलगी अगदी हळू म्हणाली, “बाई, त्याचं जावळ व्हायचंय अजून.”

हेर्मेलिंदा काही किनाऱ्यावरून आलेली नव्हती, की तिला डोंगरातली रीत ठाऊक नसावी. पहिली बट जो कापतो तो धर्माचा आईबाप होतो, आणि त्या माणसाची निवड आई वर्षानुवर्षं करत असते, तोवर केसांना कात्री लागत नाही, हे तिला सांगावं लागत नव्हतं. बट फुलांच्या ताटलीत पडते, आई ती जन्मभर जपते. आणि ती हरवली, जळली, वाऱ्यावर गेली तर पोराची वाचा जाते. तिची आजी असंच सांगायची आणि सांगताना आवाज खाली आणायची.

तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं. फाटक लावायलाच हवं होतं. कडी घालून, गीत संपल्यावर ती वळली तेव्हा शिपायाने फाटकातले केस झाडून टोपलीत भरलेही होते, आणि रुसबेल वर्गात गेला होता.

पहिला तास संपायच्या आत वर्गशिक्षकांनी त्याला तिच्याकडे पाठवलं. नखं दाखवत नाही, उजवी मूठ उघडत नाही, विचारलं तर बोलत नाही.

“मूठ उघड,” बाई म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला.

अशा कितीतरी मुठी तिने उघडल्या होत्या. गोट्या, विड्या, मुलींना लिहिलेल्या चिठ्ठ्या. अंगठा कुठून उचलायचा हे तिला पक्कं ठाऊक होतं. आज तिचा हात पुढे होईना.

“बरं, मूठ राहू दे. काहीतरी बोल. तुझं नाव सांग.”

सकाळी सांगितलेलं नाव. पोराचे ओठ हलले आणि मिटले. हेर्मेलिंदाला आजीचं बोलणं आठवलं.

मधल्या सुट्टीत फोर्तुनाताने गजांतून हाक मारली. चेहऱ्यावर काळजी होती, डोळ्यांत मजा.

“बाई गं, काय करून बसलीस! त्याची आई साबिना आज बाजारात लोकर घेऊन आलीय. तिला कळलंय.”

“कुणी सांगितलं?”

“मला काय माहीत,” फोर्तुनाता म्हणाली. म्हणजे हिनेच. “दोघी जावा बरोबर आहेत. मेंढरं हाकायच्या गोफणी कमरेला आहेत. एक बटाटा खातेस? रिकाम्या पोटी मार जास्त लागतो.”

हेडमास्तर बेनाविदेस मूळचे किनाऱ्यावरचे, थंडीने आणि गावाने वैतागलेले. त्यांनी खिडकीतूनच विचारलं, “ती कात्री तुम्हाला कुणी दिली होती?”

“तुम्हीच, सर. पहिल्या वर्षी. म्हणालात, नियम म्हणजे नियम.”

“नियम केसांबद्दल होता. रीतिरिवाजाबद्दल नव्हता.” ते टाय सारखा करत राहिले. “हे बघा, त्या बाईने जिल्ह्याच्या कचेरीत तक्रार केली तर तुमचा करार मला वाढवता येणार नाही. तिची समजूत घाला, नाहीतर फाटकाची किल्ली ठेवून जा.”

किल्ली गळ्यातल्या दोरीत होती. हेर्मेलिंदाने ती मुठीत धरली. त्या फाटकाखेरीज तिला सकाळी उठून जायला दुसरी जागा नव्हती.

ती मागच्या अंगणात पळाली. इतक्या वर्षांत तिला धावताना कुणी पाहिलं नव्हतं; वरच्या वर्गाची पोरं खिडक्यांना लगडली. कचऱ्याच्या पिंपातून धूर निघत होता, आणि जळक्या केसांचा वास सगळ्या अंगणात पसरला होता. तिने काठीने राख उपसली, मग हाताने. बोटं भाजली. तेवढ्यात फाटक कुणीतरी दगडाने वाजवायला लागलं.

तिने कडी काढली तशा तिघी अंगणात आल्या. साबिना ठेंगणी होती. टोपी हातात, पाठीवरच्या गाठोड्यात उरलेली लोकर. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“तुम्ही का त्या?”

“मीच.”

“बारा वर्षं मी त्याच्या मामासाठी थांबले. खाणीतून येतो, म्हणायचा. या पावसाळ्यात येतो, पुढच्या कार्निवलला येतो. पोराला शाळेत चिडवतात, तरी थांबले. आणि तुम्ही फाटकात कापलंत. मेंढराची लोकर कापावी तसं.”

“मेंढराला निदान कुणी पकडून तरी धरतं,” एक जाऊ म्हणाली.

“बट द्या,” साबिनाने हात पुढे केला.

हेर्मेलिंदाचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते. तिने ते तसेच पुढे धरले. “झाडलं गेलं. जळलं असेल. मला सापडलं नाही.” मग तिचा आवाज फाटला. “आणि पोर बोलत नाहीये, साबिना. सकाळपासून एक शब्द नाही. कचेरीत जायचं तर जा, मी आड येणार नाही. पण आधी त्याच्याकडे बघ.”

जावांनी छातीवर क्रूसाची खूण केली. दाराबाहेर आलेले हेडमास्तर एक पायरी वर सरकले.

बाईने रुसबेलला सकाळपासून ज्या बाकावर बसवलं होतं, त्यावरून तो उठून आला. आईसमोर उभा राहिला आणि त्याने मूठ उघडली. तळव्यात घामाने चिकटलेली, वेटोळ्यासारखी गुंडाळलेली बट होती.

“पडली तशी उचलली,” तो म्हणाला. “वर्गात उघडली असती तर खिडकीतून उडाली असती.”

“मग बोलत का नव्हतास रे मुडद्या?” साबिनाने त्याच्या पाठीत धपका घातला, आणि तसंच त्याला छातीशीही ओढलं.

“तुम्हीच म्हणता ना, ती ताटलीत पडेपर्यंत तोंडातून काही बाहेर गेलं की परत येत नाही. मी बोलणं जपून ठेवत होतो.”

फोर्तुनाता गजांवर पार चढली होती.

साबिना बटेकडे बघत होती. मग बाईच्या भाजलेल्या बोटांकडे. “परत चिकटवता तर येत नाही,” ती शेवटी म्हणाली. “पहिली तुम्ही कापलीत. आता मामा येवो न येवो, पोराची धर्माची आई तुम्हीच. मला काही हे पटलेलं नाही. पण आहे ते असं आहे. सुरू केलंत, तर पुरं करा.”

“इथे?”

“फाटकात कापायला लाज वाटली नाही, अंगणात वाटते?”

फोर्तुनाताने बटाट्यांची ताटली पुसून आत दिली. कात्रीला बांधायला रिबीन हवी होती. माळावरच्या त्या मुलीने आपल्या वेणीची पांढरी रिबीन सोडली. हेर्मेलिंदाच्या तोंडून सवयीने निघालं, “मुली, शाळेच्या वेळात—” पण वाक्य अर्धंच टाकून तिने रिबीन घेतली.

गुडघ्यांवर बसून तिने वेणी सोडली. बट बट करून कापायला लागली. भाजलेल्या बोटांनी कात्री नीट धरता येईना, म्हणून साबिनाने दोनदा तिचं मनगट धरलं.

“आणि देणार काय?” जाऊने विचारलं. “रिकाम्या हाताने जावळ होत नाही.”

“माझ्याकडे कोंबड्या आहेत.”

“कोंबड्या शेजारीपण देतात. धर्माची आई मेंढी देते.”

“मेंढी,” हेर्मेलिंदाने मान्य केलं.

“पांढरी. गाभण.”

“अगं, ती काय मला दुकानात मिळणार आहे?”

“नियम म्हणजे नियम, कोमाद्रे,” साबिना म्हणाली. कोमाद्रे म्हणाली, पोराची आई धर्माच्या आईला म्हणते तसं! हेर्मेलिंदाला या नात्याने आजवर कुणी हाक मारली नव्हती. कात्री हवेतच थांबली.

पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्यानेही एक बट कापायची असते. सगळ्यांनी पायरीकडे पाहिलं. हेडमास्तर बेनाविदेस आत सटकायच्या बेतात होते, पण दारात जाऊ उभी होती. त्यांनी टोकावरून चार केस कापले आणि गिनीपिगांची जोडी कबूल केली. ती कुठून आणायची हे ते अजून विचारत फिरताहेत, असं फोर्तुनाता सांगते.

कापणं संपलं तेव्हा केस कानांच्या वर होते, मानेवर बोटभर मोकळी जागा, दोन्ही बाजू सारख्या. दुसऱ्या प्रकारे तिला कापताच येत नव्हतं.

पुढच्या सोमवारी फाटकात गोंधळच झाला. झिपऱ्या वाढवलेली पोरं आपणहून कपाळ पुढे करायला लागली. “बाई, माझी कापा! मला मेंढी चालेल!” “मला बोकड!” कात्री तिने शालीखाली घातली. रिबीन अजून तशीच बांधलेली होती.

राष्ट्रगीत सुरू झालं. तिने कडी घातली. तेवढ्यात माळाच्या वाटेने रुसबेल धावत आला आणि गजांपाशी थांबला. धापा टाकत त्याने कानटोपी काढली, मान खाली घातली, आणि रीतीप्रमाणे म्हणाला, “आशीर्वाद द्या, आई.”

सगळी शाळा, छातीवर हात ठेवून, गात गात तिरक्या डोळ्यांनी बघत होती.

हेर्मेलिंदाने गजांतून हात घालून त्याच्या डोक्यावर ठेवला. नको तितका वेळ ठेवला.

“देव तुझं भलं करो, बाळा,” ती म्हणाली. “आता गीत संपेपर्यंत तिथेच उभा राहा.”