अप्पांची तिथी

माझे सासरे एका रविवारी सकाळी वारले आणि पाऊण तासाने दुधाची पिशवी घेऊन घरी परत आले.

ह्याला मी जबाबदार आहे, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. साफ खोटं! जबाबदार आहे माझा नवरा. मिलिंद एका हॉटेलात धंदेवाल्यांच्या कार्यशाळेला गेला (जेवण बुफे होतं, म्हणून गेला) आणि येताना एक वाक्य घेऊन आला.

"रेवती, गिऱ्हाइकाशी घरचं नातं हवं."

"मग काय करू? शिवण्णांना भाऊबीजेला ओवाळू?"

शिवण्णा म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांचा अगरबत्तीचा कारखाना, आमचा मैसूरजवळ कडकोळला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. आमची दोन मशीनं आणि नऊ बायका त्यांच्याच खोक्यांवर चालतात. आणि यंदा वर्षाची ऑर्डर द्यायची वेळ आली तर हे गृहस्थ गप्प! फोन केला की, "नोडोणा, मॅडम." (म्हणजे 'बघू'. धंद्यात 'बघू'चा अर्थ सगळ्या भाषांत एकच.)

"त्यांच्या गृहप्रवेशाला तू गेली नाहीस," मिलिंद म्हणाला.

"मेसेज पाठवला होता!"

"अंगठा पाठवला होतास."

असा संताप झाला माझा! कारण ते खरं होतं.

नेमकी त्याच आठवड्यात अप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, पंच्याहत्तरी होती. अप्पा दोन वर्षांपूर्वी सांगलीहून आमच्याकडे आले. त्यांचा वाढदिवस तिथीनेच करायचा. तारखेने केला तर माणूस केककडे ढुंकून बघत नाही. मिलिंद म्हणाला, "शिवण्णांना जेवायला बोलवू." झालं! मेसेज मी लिहिला, इंग्रजी अक्षरांत पण कन्नडमध्ये. सरस्वतीपुरमात अकरा वर्षं काढलीत मी, भाजीवालीशी कन्नडमध्ये भांडते (आणि जिंकते!). शेजारच्या शारदक्का, ज्यांच्या मराठी घराण्याची मैसूरमधली ही पाचवी पिढी, त्या म्हणाल्या होत्या, "एकदा मला दाखव की गं, आमेले पाठव." (म्हणजे 'मग पाठव'.) मी म्हटलं, "बेडा अक्का, काही नको, मला येतं."

मेसेज असा: 'नम्म मावनवरिगे एप्पत्तैदु वर्ष. भानुवार तिथि. मनेगे ऊटक्के बन्नि.' आमच्या सासऱ्यांना पंच्याहत्तर वर्षं. रविवारी तिथी. घरी जेवायला या. सोबत अप्पांचा हसरा फोटो. आता तुम्हीच सांगा, ह्यात काय चुकलं?

शिवण्णांकडून जोडलेले हात आले. एकदम सहा!

"बघ, ह्याला म्हणतात नातं," मिलिंद म्हणाला.

रविवारी सकाळी अप्पा फिरून आले. दूध ओट्यावर ठेवलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सूनबाई, डोळ्यात पाणी आणलंस! कोपऱ्यावर केवढा फ्लेक्स लावलास माझा!"

"मी? मी कुठे लावला?"

त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. अप्पांचा हसरा चेहरा, भोवती फुलं, वर कन्नड अक्षरं. अप्पांना कन्नडचं एक अक्षर येत नाही, आणि मी अक्षरं जुळवेपर्यंत त्यांनी तो फोटो सगळ्या नातेवाइकांना धाडलाही होता. सांगलीहून शुभेच्छांचा पूर लोटला होता. पण अप्पांची धाकटी बहीण असते सोलापूरला. सोलापूरकरांना कन्नड येतं, घात तिथेच झाला. तिचा फोन आला, मिलिंदने स्पीकरवर घेतला.

"मिलिंद," आत्या हुंदके देत होत्या, "दादा कधी गेला रे?"

"दूध आणायला गेलो होतो, आत्ताच आलो," अप्पा म्हणाले.

पलीकडून जी किंकाळी आली, ती मी ओट्यापाशी ऐकली.

तेवढ्यात शारदक्का धापा टाकत आल्या. "अय्यो रेवती! कोपऱ्यावर भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलंय की गं! काल तर अप्पा चेन्नागि, चांगले धडधाकट होते!" मग चहात टोस्ट बुडवणारे अप्पा दिसले आणि त्या दारातच बसल्या. "काय लिहिलं होतंस गं तू?" मी मेसेज दाखवला. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, इकडं नुसतं तिथि म्हटलं की दिवसांचं जेवण! माणूस गेल्यावरचं!"

मराठीतही तिथी गेलेल्या माणसाची असतेच, हे मला त्या क्षणी आठवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा!

शिवण्णांना फोन करायला मोबाइल उचलला तोवर दारात टेम्पो. शिवण्णा पांढऱ्या पंच्यात, त्यांची बायको पदर सावरत, मागे कारखान्यातली अठरा माणसं, हातभर जाडीचा हार आणि अगरबत्त्यांचं एक मोठं खोकं (आमच्याच कारखान्यातलं!). सगळे मान खाली घालून उभे राहिले. आणि सामोरं कोण गेलं? अप्पा!

"या, या! तुमचीच वाट बघतोय!"

एक बाई मटकन खाली बसली. शिवण्णांनी अप्पांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "मॅडम! सुट्टीच्या दिवशी अठरा माणसं उठवून आणलीत मी!"

इथे कुठलीही शहाणी बाई माफी मागेल. मी म्हटलं, "मग फ्लेक्स छापायच्या आधी एक फोन करता येत नव्हता तुम्हाला?"

मिलिंदने डोळे मिटून घेतले. वर्षाची ऑर्डर परत टेम्पोत चढताना मला स्पष्ट दिसली.

शिवण्णा हळू आवाजात बोलले, तेच जास्त लागलं. "शुभकार्याला बोलावलं तर माणूस जातो, मॅडम. मरणाला विचारत बसत नाही, जातो. माझ्या गृहप्रवेशाला तुम्ही अंगठा पाठवला होता."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. इतकी लाज वाटली की रागवायचंही सुचेना. कसंबसं "तप्पायतु" म्हटलं, म्हणजे 'चुकलं'.

"काय म्हणतायत ते?" अप्पांनी विचारलं. मिलिंदने सांगितलं. अप्पांनी सरळ मान पुढे केली. "हार माझाच आहे ना? मग घाला की! मेल्यावर मला कुठे दिसणार आहे?"

मिलिंदने चाचरत त्याचं कन्नड केलं. शिवण्णांच्या मिशा थरथरल्या. आणि मग तो माणूस असा हसला की हार हातातून पडता पडता राहिला. तो त्यांनी अप्पांच्या गळ्यात घातला आणि पाया पडले. मग सगळे जेवायला बसले, माणसं वाढत गेली, पुरणपोळ्या अर्ध्या अर्ध्या झाल्या, शारदक्कांनी घरून पातेलंभर सांबार आणलं. दिवसांच्या जेवणाहून उठताना 'येतो' म्हणायचं नसतं. शिवण्णा फाटकात थांबून अप्पांना तीनदा मोठ्याने म्हणाले, "होगि बर्तीनि!" जाऊन येतो!

तिसऱ्या दिवशी वर्षाची ऑर्डर आली. मशीनं वाचली, नऊ बायका वाचल्या. पण खाली शिवण्णांनी स्वतःच्या हाताने एक अट लिहिली होती: मॅडमनी ह्यापुढे कन्नडमध्ये मेसेज करू नये.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! मी मोबाइल उचलला आणि कन्नडमध्येच सणसणीत उत्तर लिहायला घेतलं. अप्पांनी हातातून मोबाइल काढून घेतला.

"पुरे, सूनबाई. ह्या वेळी त्यांना मारशील."