निळ्या ओळीने काढून घेतलेलं घर

ते प्रकरण आठवलं की अजून माझं डोकं तापतं. बत्तीस वर्षं पोलीस खात्यात काढून निवृत्त झालो आणि जपानमध्ये निशी-कसाईला मुलीकडे राहायला आलो. इथे ना ठाणं, ना स्टेशन डायरी. तरी तक्रार दारात आलीच.

खालच्या मजल्यावर पुण्याचं जोडपं राहतं. तिला सातवा महिना. घर भाड्याने देणाऱ्या कंपनीचं पत्र आलं: घर सोडत असल्याची तुमची सूचना वेबसाइटवरून मिळाली, महिनाअखेर जागा रिकामी करा, नवा भाडेकरू ठरला आहे. नवरा सगळ्यांना सांगत सुटला, "हिनेच काहीतरी दाबलं."

खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. नोंद सापडली की तपास संपला, ही आमची जुनी खोड. मी तिला समोर बसवलं.

"पाठवायचं बटण कधी दाबलंत?"

"नाही दाबलं, काका. त्या पानावर बटण नव्हतंच."

"फॉर्म आहे आणि बटण नाही?"

"किती दिवस आधी कळवायचं, तेवढंच बघत होते. पुढच्या वर्षी जवळच ग्योतोकुला मोठं घर घ्यायचा विचार आहे ना."

फिरवून फिरवून विचारलं, जबाब बदलला नाही. खोटं बोलणारा दर खेपेला तपशील वाढवतो. ही वाढवत नव्हती.

मग फोनवर ते पान उघडायला लावलं. नाव आणि खोली क्रमांक आधीच भरलेले. खाली फक्त एक निळी, अधोरेखित ओळ: 'घर सोडण्याबाबत'.

"हीच दाबली, नियम वाचायला. नियम उघडलेही."

वेबसाइट बनवणं हेच माझ्या मुलीचं काम. ती वाकून बघत म्हणाली, "बाबा, ही दिसायला लिंक आहे, पण दाबली की अख्खा फॉर्म जातो. इथे बटण पाहिजे! आणि पाठवण्याआधी तपासून घ्यायचं पान तर इथे साधा दवाखानासुद्धा देतो."

मी भडकलो. पंचनामा वाचून न दाखवता पंचाची सही घेतली, तर कोर्टात साहेबाची शोभा होते. इथे तर वाचायला म्हणून बोलावून सही घेतली होती!

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या काउंटरवर गेलो. तिथला माणूस अतिशय नम्र. नोंद आहे, नाइलाज आहे, एवढंच पुन्हा पुन्हा. मुलीने माझा प्रश्न जपानीत विचारला, "तुमच्या सरावाच्या खात्यातून दाखवता का, नियम कुठे वाचायचे?"

त्याने तत्परतेने निळी ओळ दाबली. नियम उघडले. मुलीने पान शेवटपर्यंत सरकवायला लावलं. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: सूचना मिळाली.

तो पांढराफटक पडला. वरिष्ठ आले, कमरेत वाकले, सूचना रद्द झाली. ओळ बदलायचं मात्र 'विचार करू' म्हणाले. बटण येईपर्यंत मी रोज काउंटरवर जाऊन बसलो.

घर वाचलं तसा नवरा हसला, "चला, मिटलं एकदाचं."

"मिटलं नाही," ती म्हणाली. "मी काहीतरी दाबलं, हे तू सगळ्यांना सांगितलंस. काय दाबलं, हे मला एकदा तरी विचारलंस?"

त्याने मान खाली घातली. मीही घातली. माझा पहिला प्रश्नही गुन्हा धरूनच विचारलेला होता. नोकरीत असे किती प्रश्न विचारले असतील! त्या लोकांच्या बाजूने काउंटरवर जाऊन बसणारं कोणी नव्हतं.