समुद्राचा अभ्यास आणि शेजारची म्हैस

माझी नात समुद्रातल्या जीवांचं शिकते. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पार तिकडे कोकणाच्या बाजूला. आमचं गाव धानाचं, मागं जंगल. ती पहिल्यांदा निघाली तेव्हा शेजारच्या भाऊंनी विचारलंच, "बाई, मासोळ्याच शिकाच्या होत्या तं आपल्या तळ्यात काय कमी हायेत?" मी त्यांना असं काही समजावून सांगितलं, जणू मीच समुद्रातून नुकती वर आले होते. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं सगळं पुड्यांचे कागद वाचून आणि नातीची पुस्तकं चाळून. ज्ञान थोडं आणि सांगायची हौस फार, असं आमचं काम.

या दिवाळीच्या सुट्टीत पोरगी आली ती तोंड उतरवून.

"काऊन वं, काय झालं?"

"आजी, सुट्टी संपल्यावर नावेनं समुद्रात जाचं हाय, जाळीनं नमुने धराले. सर म्हणतात, पोहता येत नाई त्याले नावेत घेत नाई. आधी परीक्षा हाय. नापास झाली तं माहा विषयच बदलतील. मंग दुसऱ्यानं आणलेल्या बाटल्या पाहत बसा लागन वर्षभर."

पोरीला पोहता येत नव्हतं, हे खरं. तिच्या आईनं तिला तळ्याच्या पाळीवरही कधी जाऊ दिलं नाही. पण मी म्हटलं, "एवढंच? तुही आजी का मेली हाय? माहेरच्या तळ्यात मी या काठाहून त्या काठाले जात होती. सकाळी चाल."

सकाळी गावच्या तळ्यावर गेलो. भाऊ तिथं म्हैस धूत होते. बघणारा माणूस आहे म्हटल्यावर मला आणखीच जोर चढला. लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि छातीइतक्या पाण्यात जाऊन अंग झोकून दिलं.

अहो, धोंडा बरा! त्याचा निदान बुडताना आवाज तरी होतो. नाकातोंडात पाणी, डोक्यावर शेवाळ, आणि जिला शिकवायला नेलं तीच मला अंबाड्याला धरून ओढते आहे.

पाळीवर बसून खोकत होते, तर भाऊ जवळ आले. "बाई, पोहणं शिकल्या कशा तुम्ही?"

"कशी म्हणजे? म्हशीची शेपटी धराची आणि जाचं. आमच्या गावचे सारे पोट्टे तसेच शिकले."

"शेपटी सोडून कधी गेल्या?"

"सोडाची कायले?"

"मंग पोहून कोण राह्यलं होतं बाई? तुम्ही का म्हस?"

सत्तरी आली, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. लग्न होऊन इकडे आल्यावर पाण्यात पाय घालायला सवड कोणाला होती? नात मात्र पोट धरून हसत होती. "आजी, आम्ही ज्याचा अभ्यास करतो ना, ते बारीक जीव असेच असतात. स्वतःच्या जोरावर कुठी जात नाईत. पाणी नेईल तिकडे जातात. त्याले प्लवक म्हणतात. तू प्लवक हाय." हसता हसता तिला परीक्षा आठवली. "पण आता माहं काय?"

भाऊंनीच तोड काढली. शेपटी धरायची पद्धत खोटी नाही, म्हणाले, ती सोडायला शिकायचं. त्यांनी म्हैस दिली. मग रोज सकाळी पोरगी शेपटीला, भाऊ काठावरून म्हशीला हाकारत, आणि मी पाळीवरून ओरडत, "पाय मार, पाय मार!" म्हैस पाण्यात शेणही टाकते, आणि शेपटी धरणाऱ्याचं तोंड नेमकं तिथंच असतं, तेवढं सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. त्या दिवशी पोरीनं मला नाही नाही ते ऐकवलं.

एक दिवस म्हैस मध्येच डुंबायला बसली. नुसतं नाक वर. शेपटी सुटली. पोरीनं दोन-चारदा पाणी गिळलं, मग बेडकासारखे पाय मारत, मान वाकडी करून, वाट्टेल तसं पाणी उडवत काठाला लागली. भाऊ म्हणाले, "झालं. हे पोहणं."

सुट्टी संपून गेल्यावर तिचा फोन आला. परीक्षेत पास झाली. सरांनी म्हणे विचारलं, ही कोणती तऱ्हा पोहण्याची? पण बुडली नाही म्हटल्यावर नावेत घेतलं.

"आणि मंग? भेटले का तुहे प्लवक?"

"भेटले ना आजी, बाटलीभर. पण नावेत चढल्यापासून उतरेपर्यंत ओकत होती मी. परवा पुन्हा जाचं हाय. तुले काही उपाय माहीत हाय का?"

मी लगेच सरसावून बसले. "अवं, नावेचं मले काय सांगतं, मी वैनगंगेत..." आणि थांबले. आठवून पाहिलं. वैनगंगा मी जन्मभर पुलावरूनच ओलांडली, एस.टी.त बसून. आणि तेव्हाही खिडकीतून ओकत.

"काय म्हणून राह्यली होती आजी?"

"काई नाई," मी म्हटलं. "सर सांगतात तसं कर."